फौजदाराचे सहाशे चौदा चेहरे

नाही, फोटो काढण्याचं कौतुक मला सांगू नका. फोटो आजकाल कोणीही काढतं, खिशातून फोन काढला, अंगठा टेकवला, झाला फोटो, टेबलावर ठेवलेल्या फोनवर मांजराचा पाय पडला तर मांजरसुद्धा काढतं… पण त्यातला एक निवडायचा, एकच, आणि बाकीचे बाजूला सारून छातीवर हात ठेवून म्हणायचं की हा! तिथे माणसाचा कस लागतो. आणि तुम्हाला सांगतो, हे असलं काम जगात ज्याच्या गळ्यात पडू नये त्याच्याच पडलं. आमच्या चौकातल्या चष्मेवाल्यांच्या.

आता चष्मेवाले म्हणजे कोण, तर चौकात औषधांच्या दुकानाशेजारी ते अरुंद दुकान आहे ना, दारात लाकडी नाक आणि नाकावर चष्मा, तेच. सव्वीस वर्षं झाली त्यांना तिथे. आणि सव्वीस वर्षं त्यांचा उद्योग काय, तर समोरच्याला खुर्चीत बसवायचं, ती जड लोखंडी फ्रेम नाकावर चढवायची, एक काच घालायची, मग दुसरी घालायची, आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" बस. दिवसातून तीनशे वेळा. लोक बिचारे घाम पुसत उत्तर देतात, आता… नाही, आधीचं… परत दाखवा जरा… आणि हे शांतपणे काच बदलतात. म्हणजे निवडायचं कोणी, तर दुसऱ्याने. यांनी नुसतं विचारायचं. सव्वीस वर्षांत या माणसाला स्वतः उत्तर द्यायची वेळ आली नव्हती, आणि सवय अशी लागली होती की घरीसुद्धा तेच. बायकोने विचारलं, चहा करू की कॉफी, तर म्हणणार, "तुला काय बरं वाटतं?" भिंतीला रंग द्यायचा तर रंगाऱ्याला विचारणार, "तुमच्या घरी कुठला दिलाय?" मुलीचं नाव ठेवायचं होतं तेव्हा तर दोन नावांवर अडकले, चार महिने पोरीला नुसतं 'बाळ' म्हणत होते, शेवटी दवाखान्यातल्या नर्सने कंटाळून एक नाव लिहून टाकलं आणि तेच लागलं.

तर ती मुलगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लांब गेली, आणि जाताना घरात एक पक्षी ठेवून गेली. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर नारिंगी रुपया चिकटवल्यासारखे दोन ठिपके आणि डोक्यावर तुरा. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणाला, मुलगी म्हणाली कॉकटेल नाही बाबा, कॉकॅटिल, आणि सासऱ्यांनी त्याचा तो वर ताठ झालेला तुरा पाहिला आणि म्हणाले, "हा तर फौजदार." झालं, नाव पडलं. सासरे म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोचे वडील, यांच्याकडेच राहतात, चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते, त्यामुळे त्यांनी एकदा नाव घातलं की ते नोंदवल्यासारखंच असतं.

आणि त्या फौजदाराने घराचा ताबा घेतला हो. दाराची घंटा वाजवायचा, हुबेहूब. चष्मेवाले उठून दार उघडायचे, बाहेर कोणी नाही. कुकरच्या शिट्ट्या मारायचा, तीन झाल्या की बायको गॅस बंद करायची, आणि त्यातल्या दोन फौजदाराच्या असायच्या, वरण कच्चं. पण बायकोचा जीव त्याच्यावर. मुलगी गेल्यापासून घर ओकंबोकं झालं होतं ना, तर ती दिवसभर त्याच्याशी बोलायची, आणि तो मान वाकडी करून ऐकायचा. चष्मेवाल्यांनी सव्वीस वर्षांत तिचं इतकं ऐकलं नव्हतं.

तर अशातच त्या डॉक्टरीणबाईंनी स्पर्धा काढली. चौकात पलीकडच्या बाजूला त्यांचा पक्ष्यांचा दवाखाना आहे, चष्म्याच्या दुकानाच्या अगदी समोर, त्याला दहा वर्षं झाली म्हणून. पाळीव पक्ष्याचा जवळून काढलेला फोटो पाठवायचा. एका घरातून एकच. फोटोत माणूस नको, हात नको, बोट नको. आणि विषय काय, तर 'मनातलं चेहऱ्यावर'. आता मला सांगा, माणसाच्या मनातलं त्याच्या चेहऱ्यावर कळत नाही म्हणून जगात एवढे घटस्फोट होतात, तिथे पक्ष्याच्या चेहऱ्यावर कुठून शोधायचं? चेहरा म्हणजे तरी काय, अर्धी चोच आणि दोन मणी. पण बक्षीस मोठं होतं. जिंकणाऱ्याचा फोटो मीटरभर उंच करून दवाखान्याच्या दर्शनी काचेत वर्षभर लावणार, आणि वर्षभर त्या पक्ष्याची नखं फुकट कापून देणार.

ही बातमी घरात आली ती फोनवरून. फोन कोणाचा, तर बायकोच्या थोरल्या बहिणीचा. आता या ताईंचं असं आहे की त्यांच्याकडे सगळं एक आकडा मोठं असतं. घर मोठं, गाडी मोठी, आणि पक्षीसुद्धा, यांच्याकडे ओंजळीत मावेल एवढा फौजदार, तर त्यांच्याकडे कोंबडीएवढा पांढराधोप काकाकुवा. ताई फोनवर म्हणाल्या, "अगं, आमचा पाठवला पण. ह्यांनी काल मोठ्या कॅमेऱ्याने काढला, चार काढले, एक बोटाने दाखवला, हा, म्हणाले, आणि पाठवून मोकळे. पाच मिनिटं. तुमचं काय ठरलंय? की ठरायचंय अजून?" आणि हसल्या. नुसत्या हसल्या हो. पण ते हसू बायकोच्या जे जिव्हारी लागलं… 'ठरायचंय अजून' या दोन शब्दांत तिचा सबंध संसार आला होता ना.

तिने फोन ठेवला, हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, स्पर्धेला फौजदाराचा फोटो पाठवायचा."

"हो, पाठवू की. कुठला पाठवूया?"

"तो तुम्ही काढायचा, तुम्ही निवडायचा. लग्न झाल्यापासून पडद्याच्या कापडापासून पोरीच्या शाळेपर्यंत सगळं मी ठरवलं. हे एक तुम्ही ठरवा. मी यात एक शब्द बोलणार नाही. विचारायला आलात तरी नाही."

"अगं पण…"

"शब्द नाही."

आणि तुम्हाला सांगतो, ती खरंच गप्प बसली. म्हणजे बाकी बोलायची, जेवायला या, टॉवेल उचला, पण फोटोचा विषय निघाला की ओठ घट्ट. आणि चष्मेवाल्यांना इकडे दरदरून घाम. कारण त्यांना पुरतं कळलं होतं की ही पक्ष्याची नव्हे, आपली स्पर्धा आहे.

सुरुवात झाली फोटो काढण्यापासून. जवळून म्हणजे किती जवळून, हे पत्रकात लिहिलं नव्हतं, तर हे म्हणाले, जवळून म्हणजे जवळून, आणि फोन थेट फौजदाराच्या चोचीपासून चार बोटांवर. फौजदाराने आधी फोनला चोच मारली. मग फोनमध्ये स्वतःला पाहून तुरा ताठ केला आणि दाराची घंटा वाजवली. चष्मेवाले सवयीने उठून दार उघडून आले. मग फौजदार टेबलाखाली गेला, हेही टेबलाखाली गेले. फौजदार फ्रिजवर बसला, हे स्टुलावर चढले. चोपन्न वर्षांचा माणूस, पोटावर झोपून फरशीवर सरकतोय, तोंडाने "च् च् च्" करतोय, आणि सासरे आरामखुर्चीतून पेपर खाली करून बघतायत आणि परत वर करतायत. आठ दिवस हे चाललं. सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि दुपारी जेवायला आल्यावर. आठ दिवसांनी मोजले तर सहाशे चौदा फोटो.

सहाशे चौदा. त्यात एकोणीस नुसता यांचा अंगठा होता, ते गेले. शेपटीचे, पाठीचे, उडून गेल्यावर उरलेल्या दांडीचे, असे मिळून दोनेकशे गेले. उरलेल्यांना चाळणी लावता लावता चार दिवसांत हे आले दोनांवर. आणि अडकले. माणूस दोनांवरच अडकतो हो, सहाशेंवर नाही अडकत. क्रमांक दोनशे बारा आणि क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे बारामध्ये तुरा वर, तीनशे अठ्ठ्याऐंशीमध्ये तुरा खाली आणि चोच किंचित उघडी. एवढाच फरक. पण बघा ना, तुरा वर म्हणजे मनात काय? राग? आनंद? कुतूहल? आणि चोच उघडी म्हणजे काही सांगायचंय की जांभई आलीय?

आधी लेकीला पाठवले दोन्ही. तिचा पाच मिनिटांत फोन. "बाबा, एकच फोटो दोनदा का पाठवलायत?"

"अगं, दोन वेगळे आहेत. नीट बघ. हा बरा आहे, की आधीचा बरा होता?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

मग सासऱ्यांसमोर धरले. सासऱ्यांनी दोन्ही फोटो हात लांब करून पाहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "पहिल्यात हा साक्षीदार आहे. दुसऱ्यात आरोपी."

"म्हणजे पाठवायचा कुठला?"

"ते ठरवणारा मी कोण? मी कारकून. निकाल देणारे वेगळे असतात." आणि पेपर वर.

भाजीवाल्या बाईंना दाखवला, त्या म्हणाल्या, याला उन्हात ठेवा, गारठलाय. टपाल आणणाऱ्याला दाखवला, तो म्हणाला, इथे सही करा. आणि घरात बायको समोर बसलेली, तिने नुसता भुवईचा एक केस हलवावा, की हे ताडतील, तर ती मटार सोलतेय, खाली मान घालून, शब्द नाही.

आता इथपर्यंत ठीक होतं, घरातलं घरात होतं. पण मग गुरुवारी यांच्या डोक्यात ती कल्पना आली. म्हणाले, अरे, माझ्या दुकानात रोज पंधरावीस माणसं येतात, खुर्चीत बसतात, समोर बघतात आणि मी विचारीन त्याचं उत्तर देतात. त्याचसाठी येतात! मग मी यांनाच का विचारू नये? आणि तडक गेले प्रिंट काढायच्या दुकानात. तिथल्या माणसाला म्हणाले, मागचं पुढचं सगळं उडवा, नुसता चेहरा मोठा करा. त्याने केला, कागदभर चोच आणि डोळा. ते दोन कागद आणून यांनी त्या अक्षरांच्या तक्त्याच्या जागी चिकटवले. डावीकडे दोनशे बारा, उजवीकडे तीनशे अठ्ठ्याऐंशी. तक्ता कपाटामागे.

आणि पहिलं गिऱ्हाईक कोण आलं? चित्रकलेचे सर. निवृत्त, उंच, बारीक, शाळेत चाळीस वर्षं पोरांकडून माठ आणि त्याची सावली काढून घेतलेले. डोळ्यांवर भारी विश्वास. आता एवढं खरं की चष्मेवाल्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना वाटलं, एकात दोन कामं, सरांचा नंबर निघेल आणि आपला फोटो निघेल.

बसवलं, फ्रेम चढवली, काच घातली. "समोर बघा सर. काय दिसतंय?"

"पक्षी."

"चोच दिसतेय?"

"आहे. पण धूसर आहे."

काच बदलली. "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?"

"धूसरच आहे."

नंबर वाढवला. धूसर. कमी केला. धूसर. आडव्या काचा, तिरप्या काचा, डावा डोळा झाकून, उजवा झाकून… अहो, तासभर! पेटीतल्या काचा संपत आल्या, सरांच्या नाकावर फ्रेमचा खड्डा पडला, आणि दर वेळी सर अधिक अधिक बारीक आवाजात म्हणतायत, "धूसर. चष्मेवाले, धूसरच आहे हो." आणि चष्मेवाल्यांना काही केल्या कळेना, कारण त्यांना स्वतःला तो फोटो तसाच दिसत होता जसं त्यांना जग दिसतं, म्हणजे व्यवस्थित. शेवटी त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत फार थोड्या वेळा ठेवला असेल तसा. म्हणाले, "सर, हे माझ्या हाताबाहेरचं आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या. लवकर."

सर उठले. उभ्या आयुष्यात ज्यांनी सरळ रेघ पट्टीशिवाय काढली ते सर भिंतीला धरून दुकानाच्या पायऱ्या उतरले. आणि चष्मेवाले मागे उभे राहून हळहळले, अरेरे, काय माणूस, काय डोळे… आणि मग त्यांना आठवलं की सरांनी कुठला बरा ते सांगितलंच नाही.

शुक्रवारी हेच. तीन गिऱ्हाइकं, तिन्हींना धूसर. चष्मेवाल्यांना वाटलं, गावात साथ आली. बातमी लिहून पाठवावी का, असंही वाटलं त्यांना, पण कुठल्या वर्तमानपत्राला पाठवावी ते ठरेना.

आणि शनिवारी, म्हणजे फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दुकान उघडलं तर दारात सरांची मुलगी. हातात फाइल. आता ओरडणारं माणूस परवडतं, पण ही शांत होती. तिने फाइल काउंटरवर ठेवली.

"काका, दोन दिवस बाबा जेवले नाहीत. रंगांच्या पेट्या वाटून टाकल्या त्यांनी. काल मोठ्या दवाखान्यात नेलं, चार तपासण्या झाल्या. डोळे उत्तम आहेत. नंबरसुद्धा बदललेला नाही."

"मग… त्यांना धूसर का दिसत होतं?"

ती आत आली. भिंतीजवळ गेली. ते दोन कागद बघितले. आणि म्हणाली, "काका, हा फोटोच धूसर आहे."

तुम्हाला सांगतो, चष्मेवाले त्या कागदांपाशी गेले, मागे आले, परत गेले. म्हणाले, "कुठे? मला तर…" आणि थांबले. कारण शेवटी सव्वीस वर्षांचा धंदा आहे, इतकं तर कळतंच. सबंध चौकाला चाळिशी लावणाऱ्या या माणसाने स्वतःचे डोळे एकदाही तपासले नव्हते. कोण तपासणार? आणि काच बदलल्यावर उत्तर कोण देणार?

मुलीला त्यांनी हात जोडले, खरोखर जोडले, म्हणाले, मी आत्ता येतो सरांकडे, आणि दुकान तसंच उघडं टाकून गेले. सर खिडकीत बसले होते. चष्मेवाल्यांनी काहीच लपवलं नाही. पक्षी, स्पर्धा, बायको, दोनशे बारा, सगळं सांगितलं, आणि म्हणाले, सर, आंधळा मीच होतो. सरांनी खिडकीबाहेरची एक पाटी वाचून बघितली. मग विचारलं, "म्हणजे माझी नजर बरोबर होती?"

"अगदी बरोबर, सर. तुम्ही एकटेच खरं बोलत होतात."

"मी तुम्हाला एकोणचाळीस वेळा सांगितलं धूसर आहे म्हणून."

"हो सर."

"शाळेत असतात तर बाकावर उभं केलं असतं." आणि चहा मागवला. माफी मिळाली ती अशी. रंगांच्या पेट्या मात्र परत मागायच्या कशा, या विचारात सर पडले, आणि तो विचार त्यांना जेवणापर्यंत पुरला.

दुकानात परत येऊन चष्मेवाल्यांनी दार लावून घेतलं. ती लोखंडी फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली. आरशासमोर बसले, काच घातली, आणि तोंडाने, सवयीने, विचारलं, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" आणि आरशातला माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला, कारण त्याला उत्तर देता येईना. दहा मिनिटं हे दोघं असे समोरासमोर. मग हळूच त्यांनी म्हटलं, "आता." स्वतःच दचकले. दुसरी काच. "आता." जवळचा नंबर बऱ्यापैकी निघाला, लांबचाही निघाला. तक्ता कपाटामागून काढला, शेवटची ओळ वाचली, आणि त्यांना कळलं की त्या ओळीत काय लिहिलंय हे ते इतकी वर्षं पाठ म्हणून सांगत होते.

मग तसेच, ती लोखंडी फ्रेम नाकावर घेऊन, घरी. रस्त्यात लोक बघतायत. पण यांना आता लोक दिसत होते. झाडांना सुटी सुटी पानं असतात, हे बघून जरा थबकलेसुद्धा. घरी आले, दुपारची वेळ, सासरे डुलक्या घेतायत, बायको शेजारी गेलेली. बसले आणि फोन उघडला. दोनशे बारा. ढग. राखाडी ढग, त्याला पिवळी कड. तीनशे अठ्ठ्याऐंशी. ढग. सगळे ढग हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सहाशे चौदा फोटोंत फौजदार म्हणून जे होतं ते वाफ होती. चार बोटांवर फोन धरल्यावर दुसरं काय होणार? फोनला इतक्या जवळचं दिसतच नाही. त्याचीही चाळिशी.

पण फोन काही आंधळा नव्हता. त्याला जवळचं दिसेना, तर त्याने मागचं टिपलं होतं. लख्ख. आणि मागे कोण?

अहो, मागे बायको. एका फोटोत ओट्याशी पाठमोरी, मान वळवून बघतेय. दुसऱ्यात हे टेबलाखाली शिरलेत तर ती कपाळाला हात लावून उभी. एकात सासऱ्यांकडे बघून डोळे फिरवतेय. एकात मुलीच्या खोलीच्या दारात नुसतीच उभी, आणि त्या फोटोवर चष्मेवाले जरा जास्त वेळ थांबले. एकात खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलाय, हातात तसाच टॉवेल. यांना वाटत होतं, ती बघतच नाहीये. खाली मान घालून मटार सोलतेय. आणि ती तर आठ दिवस बघतच होती, शब्द नाही म्हणाली होती ना, तर ते सगळे न बोललेले शब्द तिच्या चेहऱ्यावर येऊन बसले होते, आणि फौजदाराच्या तुऱ्यामागून फोन ते निमूट नोंदवत होता.

आणि मग आला क्रमांक चारशे एकाहत्तर. समोर ढग, तो फौजदार. मागे बायको, पुढ्यात मटारची परात, हातात अर्धी सोललेली शेंग, आणि हसू आलंय. मोठ्याने हसायचं नाही म्हणून ओठ आत ओढून धरलेत, गाल फुगलेत, डोळे बारीक झालेत, आणि बघतेय कुठे, तर फौजदाराकडे नाही. फोनच्या मागे फरशीवर पालथा पडून "च् च् च्" करणाऱ्या माणसाकडे.

चष्मेवाल्यांनी दोनशे बाराशी ताडून पाहिलं नाही. पुढचे एकशे त्रेचाळीस बघितले नाहीत. कोणाला विचारलं नाही. म्हणाले, "हा." आणि पाठवून दिला. डुलक्या घेणारे सासरे जागे झाले आणि म्हणाले, कोण बोललं?

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. "काका, तुमचा फोटो आला. पण त्यात माणूस आहे."

"हो."

"आणि पक्षी धूसर आहे."

"हो."

"काका, हा मला स्पर्धेत घेता येणार नाही हो. दुसरा आहे का? तासभर थांबते मी तुमच्यासाठी."

"दुसरा नाही," चष्मेवाले म्हणाले. सहाशे तेरा असताना म्हणाले.

बायको समोरच उभी होती. म्हणाली, "काय झालं? बाद झाला?" आणि फोन घेतला हातातून. बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. चष्मेवाले त्या लोखंडी फ्रेममधून तिच्याकडे बघतायत, आणि ती फोटोकडे. मग म्हणाली, "यात फौजदार कुठाय?"

"तो पुढचा ढग."

"आणि सहाशे चौदांतून तुम्हाला हा सापडला? केस बघा माझे कसे दिसतायत." पण फोन काही परत देईना. स्वयंपाकघरात घेऊन गेली. थोड्या वेळाने तिकडून तिचा आवाज आला, ताईंशी बोलत होती. "नाही गं, आमचा बसलाच नाही स्पर्धेत. हो ना… ह्यांनीच निवडला, मला न विचारता… अगं, पक्ष्याचा काढायला गेले आणि त्यात मीच आले. सगळ्यांत. हो, सहाशेमध्ये." मग तिला दोनदा हॅलो म्हणावं लागलं. मग म्हणाली, "ताई, तुझे किती काढलेत गं भावजींनी?"

याचा परिणाम काय झाला ते चष्मेवाल्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, साडूंचा फोन आला तेव्हा. साडू एरवी फोन करत नाहीत, करवतात. म्हणाले, "काय हो, हे काय लावलंयत? सकाळपासून बाल्कनीत उभा आहे मोठा कॅमेरा घेऊन. ती म्हणते, मी काम करत असताना काढ, पण मला कळू देऊ नकोस. आणि प्रत्येक फोटोत तिला कळतंय." चष्मेवाले म्हणाले, "फोन जरा जवळ धरून बघा, चार बोटांवर." साडूंनी ठेवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोड झालं सगळं. चष्मा आला, नवीन, दुहेरी काचेचा, लांबचं जवळचं दोन्ही. बायकोने तो चारशे एकाहत्तर छापून आणला आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावला, गिऱ्हाइकं विचारतात, या बाई कशाला हसतायत, तर हे नुसतं काच पुसतात. घरी चहा की कॉफी विचारलं तर हल्ली सरळ चहा म्हणतात. सर परवा येऊन नंबर काढून गेले, खऱ्या तक्त्यावर, पाच मिनिटांत.

पण स्पर्धेचा निकाल लागला हो. बक्षीस साडूंच्या काकाकुव्याला. आणि तो फोटो मीटरभर उंच करून लावलाय दवाखान्याच्या काचेत, म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या बरोब्बर समोर, वर्षभरासाठी. गल्ल्यावर बसलं की नजर थेट तिकडेच. पांढरं पीसन्‌पीस दिसतं. चोचीवरचा ओरखडा दिसतो, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या मोजता येतात, आणि तो तिथून सबंध दिवस चष्मेवाल्यांकडे असा बघत असतो की जणू ताईच हसतायत.

परवा मी गेलो होतो दुकानात, तर चष्मेवाले गल्ल्यावर निवांत बसलेले, नवा कोरा चष्मा खिशात. म्हटलं, काय हो, नंबर चुकला का?

म्हणाले, "नाही, नंबर बरोबर आहे. पण दुकान उघडं असेपर्यंत घालत नाही."